भाचीच्या दोरावर मामा

बिरसी,
१९ मार्च

आदरणीय जीवनलाल भाऊजी यांच्या चरणी दुलीचंदचा नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे ते कळवावे. (तेल खरंच लावता की लावतो म्हणून नुसतं सांगता, तेही कळवावे. आमच्या बहिणीचं, मंजूबाईचं, म्हणणं वेगळं आहे.) उन्हाळी धानाला पाणी पोचत असेल. काळी म्हैस व्याली का, व्याली असेल तर वार वेळेवर पडली का, तेही लिहावे. पशुवैद्यकीय दवाखान्यात तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढल्यामुळे माझी सवय अशी झाली होती की, कोणाच्याही घरी गेलो की आधी गोठ्याची विचारपूस करायची आणि मग माणसांची. चंद्रावती त्यावरून मला टोकत असे. आता टोकणारं कोणी नाही, तरी यावेळी मी आपलं आपणच आधी गुडघा विचारला आणि मग म्हैस, हे आपल्या ध्यानात आलं असेलच.

इकडे मी बरा आहे. चंद्रावतीला जाऊन सहा महिने झाले. वर्षाचं व्हायचं आहे म्हणून घरात सण नाही. होळीला धाकट्या भावाच्या, उमेंद्रच्या घरून पुरणपोळी आली, ती खाल्ली. दिवसभर पडवीत बसतो. विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावरून गोल गोल फिरतात, उतरतात असं वाटेपर्यंत पुन्हा वर जातात. एकच पोरगा दिवसातून दहा वेळा उतरणं शिकतो, चढणं नाही, असं उमेंद्र म्हणतो. मी खरंखोटं काही विचारलं नाही.

परवा आपला फोन आला. आपण म्हणालात की, माझी पोरगी रिंकी नागपूरला कॉम्प्युटरच्या कोर्सला आहे असं मी चार माणसांत सांगून राहिलो, आणि माझ्या ओळखीच्या ट्रकवाल्यानं तिला देवरीच्या बाजारात खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन पाहिलं. तिच्यासंग टोपी घातलेला एक बुढा होता, तो तू तर नव्हतास ना? मी हो म्हणालो. मग आपण विचारलं, म्हणजे तू नव्हतास? त्यालाही मी हो म्हणालो. फोनवर माझं असंच होतं. आपण बोलता आणि मी हो म्हणतो, त्यातलं कोणतं हो कशाला होतं ते नंतर मलाही सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. तो बुढा मीच होतो. टोपी नव्हती, हेल्मेट होतं. काढायचं राहून गेलं होतं, आणि वांगी घेताना भाजीवालीनं काही म्हटलं नाही, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही.

दोर लावून खडक चढायला शिकवण्याचं प्रमाणपत्र घेते असं रिंकीनं सांगितलं, त्या दिवाळीपासून आपण तिच्याशी बोलत नाही, हे मला माहीत आहे. "गोट्यावर चढायले परमाणपत्र कायले लागते, बंदरानं कोणतं घेतलं?" असं आपण त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालात, तेव्हा मीही मान हलवली होती. जावयाच्या बोलण्याला आपल्या घराण्यात कोणी आडवं जात नाही. मी आजही जात नाही. आमच्या दवाखान्यात जनावराच्या नोंदवहीत जे दिसलं तेवढंच लिहायचं असे, आपलं मत लिहायचं नसे. तसंच हे पत्र वाचावं.

गेल्या महिन्यात रिंकी बिरसीला आली. मला वाटलं, मामीच्या आठवणीनं आली असेल. तशीही आली होती, पण चहा झाल्यावर तिनं काम सांगितलं. तिची शेवटची परीक्षा होती. माझी समजूत अशी होती की, या प्रमाणपत्राला आठ दिवस शिबिर करावं लागतं आणि शेवटी ग्रुप फोटो. तसं नाही. पहिला कोर्स, मग वरचा कोर्स, मग प्रथमोपचाराचा, मग शिकवायचं कसं याचा वेगळा. त्यानंतर दोन वर्षं एक वही ठेवावी लागते. कोणत्या तारखेला कोणत्या गोट्यावर चढलो, हवा कशी होती, दोर कशाला बांधला, संग कोण होतं, सगळं त्यात लिहून वरच्या शिक्षकाची सही घ्यायची. तिनं ती वही मला दाखवली. त्यात 'आज काय चुकलं' असा एक वेगळा रकाना आहे आणि तिनं तो प्रत्येक पानावर भरला आहे. (भाऊजी, आमच्या खात्यात तीस वर्षांत असा रकाना मी पाहिला नाही. असता तर कोरा राहिला असता.) एवढं सगळं झालं की मग परीक्षा, आणि परीक्षा पुस्तकातली नव्हे. कधी गोट्याला हात न लावलेल्या खऱ्या नवशिक्याला परीक्षकासमोर चढवायचं आणि सुखरूप उतरवायचं. त्यातला एक नवशिका पन्नाशीच्या वरचा लागतो, कारण तरुणाला कोणीही चढवील. तिनं ठरवलेले एक गुरुजी होते, त्यांच्या घरी नेमका त्याच दिवशी साक्षगंधाचा कार्यक्रम निघाला.

मामाजी, तुम्ही येता का, असं तिनं विचारलं. आपल्यात मामा भाचीच्या पाया पडतो, आणि तिनं तोंड उघडून मागितलं तर त्यानं नाही म्हणायचं नसतं, हे आपल्याला मी काय सांगावं. मी हो म्हणालो. शाळेच्या वर्गासारखं खाली बसून ऐकायचं असेल, अशी माझी कल्पना होती.

चिचगडच्या पुढे जंगलात एक काळा गोटा आहे, त्याला तिथले लोक हत्तीगोटा म्हणतात. मला तो हत्तीपेक्षा मोठा वाटला. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, मोहाची फुलं खाली पडून राहिली होती, आणि सावित्रीबाई नावाची तिथली एक म्हातारी टोपलीत ती वेचून राहिली होती. परीक्षक कैलाश सर दगडावर बसून होते. बारीक माणूस, हातात लहानशी डायरी, बोलणं माझ्यापेक्षाही कमी. मला ते पाहताक्षणी आवडले आणि त्यांची भीतीही वाटली.

रिंकीनं आधी गोट्याला लांबून एक चक्कर मारली. कशाला, म्हणून विचारलं तर आग्या मोहोळ आहे का ते पाहायला. उजव्या अंगाला होतं. जी जागा तिनं आठ दिवस आधी ठरवून ठेवली होती ती तिनं तिथल्या तिथं सोडली आणि डाव्या अंगाची धरली, परीक्षकाकडे पाहिलंसुद्धा नाही. मग वर जाऊन तिनं दोर बांधला. एका जागी नाही, तीन जागी. एक सुटलं तर दुसरं धरेल, दुसरं सुटलं तर तिसरं. मी म्हणालो, एक पक्कं बांधलं तर चालणार नाही का? ती म्हणाली, मामाजी, पक्कं तर तिन्ही बांधलं आहे. माणसाचा जीव धरून ठेवायला तीन जागा लागतात असं मानून चालणारी माणसं मी दवाखान्यात फार थोडी पाहिली.

त्यानंतर तिनं मला पट्टा घातला. कंबरेला एक, दोन्ही मांड्यांना एकेक. भाऊजी, विहिरीत पडलेली गाय वर काढायची असली की आम्ही तिच्या पोटाखालून असाच पट्टा घालत असू, आणि तेव्हा गाय जशी आपल्याकडे न पाहता दूर कुठंतरी पाहते, तसा मी मोहाच्या झाडाकडे पाहत उभा होतो. रिंकीनं प्रत्येक बक्कल ओढून पाहिलं, मोठ्यानं त्याचं नाव घेतलं, मग पुन्हा ओढून पाहिलं. तिचा जोडीदार हेमेंद्र, हाही परीक्षेलाच बसलेला, त्यानं येऊन तेच सगळं पहिल्यापासून तपासलं. तिनं तपासलेलं त्यानं तपासावं याचा तिला राग आला नाही, उलट त्यानं एक बक्कल वगळलं तेव्हा तिनं त्याला परत बोलावलं. आपली रिंकी, जी आंघोळीचा टॉवेल शोधायला आईला हाक मारते, तिला मी पाहून राहिलो होतो.

आता जे झालं ते लिहायला मला संकोच होतो. पण नोंद आहे.

हेमेंद्रनं खाली माझा दोर धरला. माझ्या शेजारी वरून सोडलेला दुसरा पक्का दोर होता, त्याला रिंकीनं स्वतःला अडकवून घेतलं, म्हणजे माझ्याबरोबर चढत मला पाय कुठं ठेवायचा ते दाखवता यावं. नवशिक्याला पायाखालचं दिसत नाही, म्हणून शिकवणाऱ्यानं त्याचा पाय हातात धरून खाचेत नेऊन ठेवायचा, अशी पद्धत आहे. मी पहिल्या खाचेत उभा राहिलो. रिंकी वाकली आणि तिनं माझ्या जोड्याला हात घातला.

मी पाय वर घेतला. मुद्दाम घेतला असं नाही. भाची आपल्या पायाला हात लावून राहिली म्हटल्यावर कोणत्याही मामाचा पाय जागेवर राहणार नाही. जन्मल्या दिवसापासून जिच्या पायावर आम्ही डोकं ठेवलं तिनं आमचा जोडा धरायचा, हे होण्यासारखं नाही. पाय वर घेतला तो कुठंतरी ठेवणं भाग होतं, तर तिथं एक खाच होती. रिंकीला वाटलं माझा तोल गेला, म्हणून तिनं लगबगीनं दुसरा पाय धरायला हात घातला. मी तोही वर घेतला. तिथंही खाच होती. (त्या गोट्याला खाचा फार चांगल्या आहेत.) ती म्हणाली, मामाजी, सावकाश. मी म्हणालो, हो. आणि पुढचा पाय उचलला. असं करत करत मी लाल रिबीन बांधली होती तिथपर्यंत, म्हणजे चाळीस फूट, पोचलो. रिंकी निम्म्या वाटेत मागे राहिली होती. खालून सावित्रीबाई म्हणाल्या, "बुढा पळून राहिला ना वं, कोनाच्या भेवानं?"

रिबिनीला हात लावून मी वळून पाहिलं. भाऊजी, मी आपल्या घराच्या माळ्यापेक्षा वर कधी गेलेलो नाही. तिथून जंगल एका बाजूला सरळ छत्तीसगडपर्यंत गेलेलं दिसलं, मध्ये पळसाचे लाल ठिपके, एका तळ्याचं पाणी आणि त्यावरून चाललेली बगळ्यांची रांग. मी बगळ्यांच्या पाठी पाहिल्या. साठ वर्षांत मी त्यांची पोटंच पाहिली होती. मनात पहिली गोष्ट आली ती अशी की, हे घरी जाऊन चंद्रावतीला सांगितलं पाहिजे.

मग मी खाली पाहिलं. उतरवण्याची परीक्षा रिंकीची होती, म्हणून ती खाली जाऊन हेमेंद्रच्या हातून दोर घेत होती. (तिनं 'घेतला' असं दोनदा म्हटल्याशिवाय त्यानं हात सोडला नाही.) आता मी मागे रेलून दोरावर बसायचं, पाय गोट्याला टेकवायचे आणि ती मला हळूहळू सोडणार. पण मी पाहिलं तर माझे दोन्ही जोडे बरोबर तिच्या डोक्यावर होते. उतरायचं म्हणजे भाचीच्या डोक्यावर मामाच्या जोड्याची माती. भीती नव्हती असं नाही, तीही लिहून टाकतो. दोन्ही मिळून माझे हात गोट्याला असे चिकटले की ते सोडायला मलाच सापडेनात. कैलाश सरांनी घड्याळ पाहिलं. वेळ संपली तर तिची परीक्षा गेली, हे मला वरूनही कळत होतं. सावित्रीबाई म्हणाल्या, "आमचा बकरा बी असाच चढते अन् मंग उतरत नाही. त्याले पाला दाखवा लागते."

रिंकीनं मला घाबरू नका असं म्हटलं नाही. सोपं आहे असंही म्हटलं नाही. तिनं दोर ताणून धरला, वर पाहिलं, आणि घरातल्यासारखं बोलली.

"मामाजी, तुमची भाची मागून राहिली तुमाले. तुमचं वजन द्या मले. पूरं द्या, थोडं आपल्यापाशी ठेवू नका."

मागितल्यावर काय करणार. मी हात सोडले.

पहिले दहा फूट नीट गेले. मग कसं झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. चंद्रावती गेली त्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते आणि मी अंगणातल्या मांडवाची दोरी सैल झाली ती पुन्हा बांधून राहिलो होतो. दुलीचंद पक्का आहे, असं आपणच त्या दिवशी चार लोकांना म्हणालात. मीही तसंच समजत होतो. गोट्याच्या मध्यावर, पाय जमिनीला नाहीत आणि हात कशाला नाहीत, अशा वेळी मला रडू आलं. आवाज केला नाही, पण अंग हलायला लागलं आणि अंगाबरोबर दोर. रिंकीनं सोडणं थांबवलं. मला हाक मारली नाही. पुढचं मला हेमेंद्रनं नंतर सांगितलं. कैलाश सर उठून तिच्यामागे आले आणि म्हणाले, दोर का हलतो आहे, थांबलीस का? ती वर न पाहता म्हणाली, "वारा आहे, सर. थांबते थोडी."

मोहाची फुलं झाडावरून सरळ खाली पडत होती. पानसुद्धा हलत नव्हतं. माझं वजन अडुसष्ट किलो आहे आणि तिचं पन्नास असेल. किती वेळ तिनं मला तसं धरून ठेवलं ते मी पाहिलं नाही. माझं झालं तेव्हा ती सोडायला लागली, त्याआधी नाही. झालं हे तिला दोरातून कळलं असावं.

खाली आल्यावर कैलाश सर त्या दिवसात पहिल्यांदा मोकळे झाले. नवशिक्याच्या पायाला एकदाही हात न लावता, त्याला त्याचं त्याला शोधू देत इतकं वर नेणारा शिक्षक आपण फार कमी पाहिला, ही वरच्या दर्जाची पद्धत आहे, असं ते म्हणाले आणि लिहायला लागले. भाऊजी, पाच मिनिटं गप्प राहिलं असतं तर प्रमाणपत्र हातात होतं. रिंकी म्हणाली, सर, ही माझी पद्धत नाही. मी हात लावून राहिली होती आणि मामाजी पळून राहिले होते. मग मामा-भाचीचं सगळं तिनं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, हे खरं आहे का? मी हो म्हणालो. (हे हो कशाला होतं ते मला पक्कं माहीत आहे.) त्यांनी लिहिलेलं सगळं खोडलं. बाकी सगळ्यात ती पास आहे, पण पायांचं शिकवणं पाहायला मिळालं नाही, तेवढं पुन्हा दाखवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. वाऱ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. डायरी मिटण्याआधी मला दिसलं, हवेच्या रकान्यात त्यांनी 'वारा' असंच लिहिलं होतं.

रिंकीनं आपली वही काढली आणि 'आज काय चुकलं' खाली लिहिलं की, नवशिक्याला आधी विचारायला हवं होतं, पायाला हात लावला तर चालेल का. परत येताना देवरीला वांगी घेतली. ते आपल्याला माहीत आहे.

एवढंच झालं. प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही, त्यामुळे नागपूरच्या कॉम्प्युटर कोर्सबद्दल आपण लोकांना जे सांगून राहिलात त्यात मला बोलायचं काही नाही. आपल्याकडे माझं मागणंही काही नाही. मंजूबाईला नमस्कार. गुडघा सांभाळावा.

आपला आज्ञाधारक,
दुलीचंद हरिणखेडे

ता. क. रिंकीची राहिलेली परीक्षा पाच एप्रिलला त्याच हत्तीगोट्यावर आहे. नवशिका पन्नाशीच्या वरचा पाहिजे आणि मामा नको, असं यावेळी कैलाश सरांनी मुद्दाम सांगितलं आहे. मी तसाही आता नवशिका राहिलो नाही. आपण यावं. दिवाळीआधी आपल्या गुडघ्याला तेल तीच चोळत होती, त्यामुळे पायाला हात लावण्याचा प्रश्न आपल्या बाबतीत येत नाही. गुडघ्याचं मी कैलाश सरांना विचारलं. दहा फूट पुरे, असं ते म्हणाले. दहा फूट म्हणजे आपल्या ट्रॅक्टरच्या छतापेक्षा थोडंसं वर.

दुसरा ता. क. मागच्या रविवारी तिरोड्याला लग्न होतं असं मंजूबाई आपल्याला सांगून गेली. लग्न होतं की नाही ते मला माहीत नाही, ती हत्तीगोट्यावर होती. आपल्याऐवजी तिचं जमतं का, हे पाहायला मीच बोलावलं होतं. जमलं नाही, कारण रिंकी दोर अडकवायला वळली तोवर बाई शिकवण्याची वाट न पाहता माणूसभर वर गेली होती. रिंकीनं तिला खाली घेऊन जी बोलणी दिली तशी बाईनं आमच्या आईचीही कधी खाल्ली नाहीत. बाई खाली मान घालून ऐकून राहिली होती आणि मला वाटतं खूश होती. हे आपल्याला मी सांगितलं असं तिला सांगू नये.

तिसरा ता. क. रिंकीनं आपलं नाव सुचवलेलं नाही. बाबा येणार नाहीत असं ती म्हणाली आणि गुरुजींना पुन्हा फोन लावायला गेली. तेवढ्यात फॉर्म माझ्या हाताशी होता, तो मी भरला. सोबत पाठवत आहे. नाव, गाव, वय लिहिलं आहे. वजन ब्याऐंशी अंदाजानं टाकलं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. शिक्षकाशी नातं, इथं 'बाप' लिहिलं. सगळ्यात खाली 'उंचीची भीती वाटते का' असं विचारलं आहे, ती जागा कोरी सोडली आहे. ती दुसऱ्याला भरता येत नाही. चढण्याआधी शिक्षकाला आपल्या तोंडानं सांगावी लागते, आणि रिंकी समोर उभी राहून उत्तर ऐकल्याशिवाय दोर बांधत नाही.